अर्धं तिकीट

अंबडहून जालन्याला येणारी संध्याकाळची एसटी. नणंदेच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, जेवणं उरकून आम्ही मायलेकरं परत निघालो होतो. खिडकीशी धाकटा, शेजारी मी, मांडीवर आग्रहानं भरून दिलेला डबा. कंडक्टर आमच्यापर्यंत आला. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धंच तिकीट आहे, ते माझं निघालं.

"आणि ह्याचं? किती वर्षांचा हे?"

"अकरा," मी म्हणाले.

पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं, बारा पूर्ण झाली की पूर्ण तिकीट, हा नियम मला पाठ आहे. धाकट्याला बारा पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. केकवरची मेणबत्ती मीच आणली होती. खोटं बोलायचं असं ठरवून काही बोलले नाही. वर्षभर 'अकरा' म्हणायची सवय, तेच तोंडातून निघालं. पण निघाल्यावर ते परतही घेतलं नाही. घेता आलं असतं. कंडक्टर अजून मशीनची बटणं दाबत होता.

त्यानं एकदा धाकट्याकडे पाहिलं. पोरगं वर्षभरात हातभर वाढलंय, ओठावर लव दिसायला लागली आहे. आणि तेवढ्यात धाकटा सीटवर खाली सरकला. गुडघे पुढच्या सीटला टेकवले, मान खांद्यात ओढून घेतली, हात मांड्यांखाली घातले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईचा शब्द खरा वाटावा म्हणून माझं लेकरू स्वतःला एका वर्षानं लहान करत होतं.

वीसेक रुपये वाचले. गोलापांगरी गेलं, जालन्याचे दिवे दिसायला लागले, तरी तो नीट बसला नाही. मीही त्याला "नीट बस" म्हणाले नाही.

त्या सकाळी बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी मंडळीला उभं केलं होतं. ह्या बाळाला प्रभूच्या मार्गात वाढवायला तुम्ही आईबापांना साहाय्य कराल का? आम्ही सगळे एका आवाजात "करू" म्हणालो होतो. माझा आवाज त्यात मोठा असतो, कारण मी संडे स्कूलची शिक्षिका. सतरा वर्षं झाली. 'चोरी करू नको', 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' हे मी किती लेकरांकडून घोकून घेतलं असेल, त्याची मोजदाद नाही.

त्या रात्री झोप आली नाही. मनात रिबेका आली, बायबलमधल्या इसहाकाची बायको.

इसहाकाच्या घरातली ती गोष्ट आमच्या मुलांना फार आवडते, कारण तिच्यात वेषांतर आहे. म्हातारा इसहाक आंधळा झालेला. थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यायचा म्हणून त्याला शिकारीला धाडतो. रिबेका ते ऐकते आणि धाकट्या याकोबाला पुढे करते. एसाव अंगानं केसाळ, याकोब गुळगुळीत. मग आई स्वतःच्या हातानं करडांची कातडी पोराच्या हातांवर आणि मानेवर बांधते. याकोब आधी कचरतो. बापानं चाचपून पाहिलं तर शाप मिळेल म्हणतो. त्यावर ती म्हणते, तुझा शाप मला लागो, तू माझं एवढं ऐक. तो ऐकतो. बाप विचारतो, तू कोण? आणि तो सांगतो, मी एसाव. आंधळ्या बापाला शंका येते. आवाज याकोबाचा आहे, हात मात्र एसावाचे.

इतकी वर्षं मी ही गोष्ट याकोबाची म्हणून शिकवली. याकोब लबाड, याकोबानं फसवलं. कातडी कुणी बांधली, ह्यावर मी कधी थांबलेच नव्हते. लबाडी त्या पोराच्या डोक्यात आली नव्हती. आईवर जीव होता म्हणून त्यानं हात पुढे केले. ज्या आईवर माया नसेल तिच्यासाठी कोण कशाला सीटवर खाली सरकेल?

पुढचं आणखी कठीण आहे. एसाव जिवावर उठतो, म्हणून रिबेका याकोबाला आपल्या भावाकडे, लाबानाकडे पाठवते. थोडे दिवस राहा, मी बोलावून घेईन, म्हणते. त्या थोड्या दिवसांची वीस वर्षं झाली. आईची आणि लेकाची पुन्हा भेट झाल्याचं उत्पत्तीच्या पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही. आणि याकोब म्हातारा झाला तेव्हा त्याच्याच मुलांनी आपल्या भावाचा, योसेफाचा, झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून, तो मेला असं भासवायला त्याच्यापुढे टाकला. बापाला फसवायला करडाचं कातडं, आणि बाप झाल्यावर फसायला बकऱ्याचं रक्त. घरात शिकलेली गोष्ट घरातच फिरत राहिली.

लहानपणी मला खोट्याची भीती घातली गेली ती बायबलातल्या हनन्या आणि सप्पीरा ह्या नवराबायकोच्या गोष्टीनं. जमीन विकली, पैसे मागे ठेवले, प्रेषितांपुढे खोटं सांगितलं आणि दोघं एकामागोमाग एक जागच्या जागी मेले. आमच्या बाई ती गोष्ट अशी सांगायच्या की मी कितीतरी रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजत झोपले. त्या भीतीनं मी खरं बोलायला शिकले का? मी लपवायला शिकले. फुटलेली बरणी तुकडे गोळा करून उकिरड्याच्या तळाशी कशी घालायची, हे मला सातव्या वर्षी येत होतं. प्रेषितांच्या कृत्यांतली ती गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती मोठ्या माणसांची गोष्ट आहे. मंडळीत पैसा आणि मोठेपणा आणणाऱ्यांनी ती वाचावी. सात वर्षांच्या लेकरापुढे ती ठेवली तर त्याला देव दिसत नाही, नुसता पहारेकरी दिसतो.

खरेपणा मला ज्यांनी शिकवला त्यांनी गोष्ट सांगितली नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मोंढ्यात मापाडी होते, आलेला माल काट्यावर मोजायचे.

मोंढा म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. ज्वारी, तूर, कापूस सगळं तिथं येतं, आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाचा निकाल तिथं काट्यावर लागतो. तेव्हा तिपाईला टांगलेला मोठा काटा असायचा. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोतं. त्या काट्यावर काय काय चालायचं ते मी लहानपणीच ऐकलं होतं. पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवायचा, पोतं स्थिरावायच्या आधीच आकडा पुकारायचा, कडता, म्हणजे घट म्हणून कापायचं वजन, जास्त धरायचा. शेतकरी लांबून आलेला, बैल उन्हात उभे, दिवस कलायच्या आत घर गाठायचं. तो कुठं वाद घालणार?

अण्णांची एक रीत होती. माल लावायच्या आधी ते दोन्ही पारडी रिकामी करायचे. मग खाली वाकून प्रत्येक पारड्याच्या बुडावरून उघडा तळहात फिरवायचे, बाहेरून आतपर्यंत, पोळीपाट पुसावा तसा. तळहात शेतकऱ्याला दाखवायचे. काट्याची जीभ मधोमध येऊन थांबली की म्हणायचे, "बघा दादा, रिकामा काटा बघून घ्या." मगच पहिलं पोतं चढायचं. शाळा सुटल्यावर डबा न्यायला मी जायचे तेव्हा हे शंभरदा पाहिलं. सीझनच्या गर्दीत, हमाल ओरडत असताना, माल विकून देणारा आडत्या डोळे वटारत असतानासुद्धा त्यांनी तो हात फिरवायचा सोडला नाही. संध्याकाळी त्यांचा उजवा तळहात काळा पडलेला असायचा. बाईनं, म्हणजे माझ्या आईनं, त्यासाठी राखेची वाटी दारातच ठेवलेली होती.

आमच्या लोकांकडे जमिनी नव्हत्या. माझे पणजोबा बेथेलचे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला आले आणि गावाजवळच त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. बायबलमध्ये बेथेल हे याकोबानंच ठेवलेलं नाव आहे. बापाला फसवून पळताना, उशाला दगड घेऊन तो जिथं झोपला, तीच ती जागा. मी बेथेलच्या माणसांची नात, आणि नावाचा हा संबंध माझ्या नीट ध्यानात यायला बसमधली ती संध्याकाळ यावी लागली. त्या रात्री याकोबाला स्वप्नात शिडी दिसली आणि देव बोलला. तू खोटं का बोललास, असं देवानं विचारलं नाही. मी तुझ्याबरोबर आहे, असं सांगितलं. ज्याच्या मनगटांना कातड्याचा वास अजून येत असेल, त्याला. मला वाटतं, आपल्या मुलांना खरेपणा शिकवताना आपण नेमकी ही रात्र गाळतो.

अण्णांचं एक सांगायचं राहिलं. एकदा रात्री कंदिलाशी बसून ते वही ताडत होते. अचानक थांबले. पुन्हा बोट ठेवून वाचलं. एका शेतकऱ्याच्या ज्वारीचं एक पोतं वहीत चढलंच नव्हतं. हिशोबाची पट्टी फाडून दिली होती, पैसे घेऊन माणूस गावी गेला होता, त्याला पत्ताही नव्हता. आडत्याकडे गेले तर तो म्हणाला, हिशोब मिटला, आता नवीन उकरू नका. आईनं विचारलं, "मंग आता?" अण्णा काही बोलले नाहीत.

रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं. मी नऊ वर्षांची. बदनापूरच्या अलीकडे आत वळून एक गाव होतं, तिथवर आम्ही गेलो. ऊन होतं, दांडीनं मांड्या सोलवटल्या. घर शोधत गेलो तर तो शेतकरी गोठ्यात शेण भरत होता. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली.

"चूक माही हे दादा. तुमचं एक पोतं लिहायचं राहिलं."

तो माणूस पैशाकडे बघेना, अण्णांकडेच बघत राहिला. "आवो, पण कामून एवढ्या उन्हात आलात? बाजारात आलो आस्तो की म्या."

त्यानं पैसे मोजले आणि म्हणाला, हे तर जास्त आहेत. अण्णा म्हणाले, "आमच्या शास्त्रात तसं हे. पाचवा हिस्सा वर द्यायचा." एवढंच. त्यांनी त्याला ख्रिस्ताबद्दल काही सांगितलं नाही, पत्रक दिलं नाही. त्याच्या बायकोनं चहा केला, मला गुळाचा खडा दिला. परत येताना मी विचारलं, पाचवा हिस्सा कुठं लिहिलाय? म्हणाले, "गणना, पाचवा अध्याय. घरी गेल्यावर काढ." मी काढला. ज्यानं कुणाचा अपराध केला त्यानं तो कबूल करावा, नुकसान पुरं भरून द्यावं आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. ती रक्कम आमच्या घरात पंधरा दिवस जाणवली. आईनं त्या पंधरवड्यात तेल कसं पुरवलं ते मला आठवतं.

मला सोबत का नेलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. उपदेश करायला नेलं असतं तर वाटेत केला असता. मला वाटतं, आपली चूक कबूल करताना लेकरानं आपल्याला बघितलं तर बघू दे, एवढंच त्यांच्या मनात असावं.

आणि मी? दर रविवारी उपासनेत आम्ही पापांगिकार म्हणतो. विचारानं, शब्दानं, कृतीनं आम्ही पाप केलं आहे. आम्ही. अनेकवचनात म्हणायला काही लागत नाही, सगळ्यांच्या आवाजात आपला मिसळून जातो. "मी काल तुझ्यासमोर खोटं बोलले" हे एकवचनात, स्वयंपाकघरात, बारा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत बघून म्हणणं वेगळं. मला त्याला चार दिवस लागले.

त्या चार दिवसांत थोरलीचं जुनं एक प्रकरणही मनात वर आलं. ती दहावीला होती. आपल्याकडे परीक्षेत काय चालतं, ते लपून राहिलेलं नाही. कॉपीमुक्तीच्या मोहिमा काढाव्या लागतात, ह्यातच सगळं आलं. तिच्या केंद्रावर एका पेपरला शेवटच्या पंधरा मिनिटांत वर्गात उत्तरं सांगितली गेली. सगळ्यांनी लिहिली, तिनंही लिहिली. घरी येऊन दप्तर न काढता उभ्या उभ्या तिनं मला सांगितलं. आणि माझा पहिला प्रश्न होता, "किती मार्कांचं होतं?" ती काही बोलली नाही, आत गेली. ती माझ्याकडे कबुली घेऊन आली होती आणि मी मार्क मोजत होते. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं मला काहीच सांगितलं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. मुलं खोटं बोलायला लागतात ती बहुतेकदा अशा दिवसांपासून, असं आता मला पक्कं वाटतं. खरं घेऊन ती एकदा आपल्या दारात येतात. दार कसं उघडतं, ते त्यांच्या लक्षात राहतं.

गुरुवारी रात्री भांडी घासून झाल्यावर मी धाकट्याला ओट्याजवळ बोलावलं. म्हटलं, "बसमध्ये मी तुझं वय खोटं सांगितलं. माझं चुकलं. आणि तुला त्यात मदत करावी लागली, ते जास्त चुकलं."

तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "मी बारीक दिसलो का पण?"

मला हसूही येईना आणि रडूही. मी त्याला जवळ घेतलं. आता तो सहज जवळ येत नाही, कोपरं टोचतात. मग थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "मंग आता पैशाचं काय?"

मी अण्णांच्या सायकलची गोष्ट त्याला तोवर सांगितली नव्हती. का नव्हती, कोण जाणे. त्या रात्री सांगितली. त्यानं अण्णांचंच बायबल काढलं आणि गणनेचा पाचवा अध्याय वाचला. गणितात तो हुशार आहे. वीस रुपयांचा पाचवा हिस्सा चार, हे त्यानं वाचता वाचताच सांगितलं. मग त्याचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं. भरपाई घ्यायला कुणी उरलं नसेल तर ती परमेश्वराची, ती याजकाला द्यावी. म्हणाला, "कंडक्टर वरचे चार घेणार नाही. ते दानात टाकू." ही ओळ मी कितीदा वाचली असेल, पण ती मला कधी लागली नव्हती.

आमच्या घरात तेव्हापासून एक रीत पडली आहे. चुकलं ते येऊन सांगितलं तर मार नाही, बोलणी नाहीत, टोमणा तर नाहीच. पण भरपाई आहे, आणि ती ज्याची त्यानं करायची. हे दोन्ही एकत्र धरायला मला फार जड जातं. क्षमा केली की वाटतं, जाऊ दे, भरपाई कशाला. आणि भरपाई करून घेतली की जिभेवर चार शब्द येतातच. पौलानं इफिसकरांना लिहिलंय, बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. आयांना वेगळं लिहिलेलं नाही, पण ते मला लागू आहे. परवा धाकट्यानं गल्लीतल्या एकाच्या सायकलचा आरसा फोडला आणि स्वतः येऊन सांगितलं. मी ओठ घट्ट दाबून ऐकलं. त्याच्या खाऊच्या पैशातून आरसा आला. थोरलीनंही मध्यंतरी एक गोष्ट सांगितली. ती तिची आहे, इथं लिहीत नाही. दप्तर खाली ठेवून, बसून सांगितली.

संडे स्कूलमध्ये आता मी हनन्या आणि सप्पीरा मोठ्या मुलांपर्यंत राखून ठेवते. लहानांना याकोब सांगते, पण कातडी बांधणाऱ्या हातांपासून सुरुवात करून यब्बोक नदीच्या काठापर्यंत नेते. तिथं एका पुरुषाशी त्याची रात्रभर झुंज होते आणि त्याला विचारलं जातं, तुझं नाव काय? बापानं विचारलं होतं तेव्हा एसाव म्हणालेला तो, तिथं म्हणतो, याकोब. मुलं त्या शब्दाला एकदम गप्प होतात. का होतात, मी विचारत नाही.

पुढच्या महिन्यात नणंदेकडे पुन्हा जाणं झालं. परत येताना तीच संध्याकाळची गाडी, कंडक्टर वेगळा. मी म्हटलं, "एक लेडीज, एक फुल. आणि एक अर्धं जादाचं."

"जादाचं कोणाचं?"

सांगायला लागले तर मागून लोक ऐकायला लागले. मागच्या वेळी ह्याचं अर्धं काढलं होतं, पूर्ण काढायला हवं होतं, म्हणून. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. "ताई, राहू द्या की आता." मी म्हटलं, नाही, काढाच. त्यानं खांदे उडवले आणि मशीनमधून तिसरं तिकीट काढलं. धाकट्यानं तिन्ही तिकिटं हातात घेऊन सरळ केली.

गोलापांगरीच्या थांब्यावर तिकीट तपासणारे चढले. आमच्यापाशी येऊन त्यांनी तिकिटं पाहिली, उलटी करून पुन्हा पाहिली.

"माणसं दोन, तिकिटं तीन?"

मी तोंड उघडणार, तोच धाकटा उभा राहिला. उभा राहिला की हल्ली तो माझ्या खांद्याच्या वर येतो.

"काका, ते एक मागच्या महिन्याचं हे," तो म्हणाला. "तेव्हा पण मी बाराचाच होतो."